आधी बिनपगारी महिने मोजा

वसईजवळ वालीवच्या एखाद्या गाळ्यात दहा-बारा वर्षं मशीन चालवलेला माणूस ‘आता दुसरं काहीतरी शिकून घ्यावं’ म्हणतो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फी किती? घरातली चर्चाही त्याच आकड्याभोवती फिरते. एवढे पैसे घालायचे का, एफडी मोडायची की बांगड्या ठेवायच्या, भावाकडे मागायचे का. या सगळ्यात खरा महागडा आकडा कागदावर येतच नाही. शिकण्यात आणि त्यानंतर काम शोधण्यात जे महिने बिनपगारी जातात, त्या महिन्यांतही भाडं, किराणा, शाळेची व्हॅन आणि गावचे पैसे थांबत नाहीत. फी एकदाच जाते. घरखर्च दर महिन्याच्या एक तारखेला दारात उभा असतो.

एक हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. वय ३६, नालासोपारा पूर्वेला भाड्याची खोली, वालीवला प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात ऑपरेटर. हातात पडणारा पगार २४ हजार, भाडं धरून घरखर्च २१ हजार. बँकेत ३ लाख २० हजारांची मुदत ठेव. त्याला व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं प्रोग्रामिंग शिकायचंय, कारण शेजारच्या टूलरूममध्ये प्रोग्रामरला ३२ हजार मिळतात असं त्याच्या कानावर आलंय.

क्लासवाल्यानं सांगितलेली फी ६५ हजार. ‘प्लस टॅक्स’ हे शब्द फोनवर हळू आवाजात येतात. खासगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी ११,७००. झाले ७६,७००. नोकरी सोडून सहा महिने पूर्ण वेळ शिकायचं, तर घरखर्चाचे १ लाख २६ हजार. प्रवास, चहापाणी, झेरॉक्स मिळून महिन्याला तीन हजार धरले तरी १८ हजार. कोर्स संपला की दुसऱ्या दिवशी कुणी हजेरी लावून घेत नाही. शोधाशोधीचे तीन महिने धरा, ६३ हजार. बेरीज २ लाख ८३ हजार ७००. ठेवीतले उरले ३६ हजार ३००, म्हणजे दोन महिन्यांचं घरही निघत नाही. यात फीचा वाटा जेमतेम पाव आहे.

आता हे पैसे परत कधी येणार ते बघा. जुन्या नोकरीत राहिला असता तर नऊ महिन्यांत तीन-तीन हजार करून २७ हजार शिल्लक पडले असते. तेही धरले तर खड्डा ३ लाख १० हजार ७०० चा. नव्या नोकरीत महिन्याला आठ हजार जास्त मिळणार. भागाकार केला की ३९ महिने येतात, सव्वातीन वर्षं. तेही पहिल्याच झटक्यात ३२ हजारांची नोकरी लागली तर. नव्या माणसाला सुरुवातीला २६ हजारांवर ठेवलं, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

हाच माणूस नोकरी न सोडता सुट्टीच्या दिवशी शिकला तर? कोर्सला सहाऐवजी नऊ महिने लागतील. फी तीच, प्रवासाचे साडेचार हजार. एकूण ८१ हजार २००. वाढीव पगारातून दहा-अकरा महिन्यांत वसूल. कोर्स तोच, शिकवणारा तोच, प्रमाणपत्रही तेच. फरक पडला तो पगार चालू राहिल्यामुळे. म्हणून चौकशीच्या पहिल्या फोनवर फी विचारण्याआधी बॅचची वेळ विचारा. ज्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते त्यांनी तर आधी तेच विचारावं, कारण क्लासवाल्यांचा ‘वीकेंड’ शनिवार-रविवारीच असतो. बदली पाळी मिळेल का, हे मालकाला विचारायला लाजू नका. ‘साहेब, शिकतोय’ म्हटल्यावर सरसकट सगळे मालक नाही म्हणत नाहीत. काही म्हणतात, तेही आधी कळलेलं बरं.

फीपेक्षा पोट महाग, हे आपल्या भागाला कुणी नव्यानं सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरणगावातली कितीतरी घरं नंतर नालासोपारा-विरारला येऊन वसली. आज इथे चाळिशीत असलेल्या अनेकांचे वडील किंवा आजोबा त्या पिढीतले. बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्रानं १९८६ साली पुनर्वसन निधीची योजना आणली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ अशी उतरती मदत. दुसरं काम धरायला माणसाला वेळ लागतो आणि तेवढा काळ चूल पेटती राहायला हवी, एवढं ती योजना आखणाऱ्याला नक्की कळलेलं होतं. पुढे १९९२ ला राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. कामगारांना नवं कौशल्य देणं हा त्याचा एक जाहीर हेतू. प्रत्यक्षात त्यातला मोठा पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चुकती करण्यात गेला आणि फेरप्रशिक्षण मागे पडलं. एकरकमी पैसा हातात आला की तो लग्नात, घराच्या पागडीत, आजारपणात वाहून जातो. घरोघरी हे पाहिलेलं आहे. तुमच्या ठेवीला ते होऊ द्यायचं नसेल, तर त्या ७५-५०-२५ सारखी उतरण स्वतःच आखून घ्या. कोणत्या महिन्यात घरखर्चाचा किती भाग ठेवीतून येणार आणि किती दुसरीकडून, हे फी भरण्याआधी वहीत लिहिलेलं हवं.

सिंगापूर सरकारनं २०१६ पासून पंचविशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाच्या नावे शिक्षणासाठी ५०० डॉलर ठेवले आणि २०२४ ला चाळिशीपुढच्यांना आणखी ४ हजार डॉलर दिले. आपल्याकडे ती जागा आपली एफडी भरून काढते. त्यामुळे आपण दुप्पट खडूस असायला हरकत नाही.

वसईच्या दोन बाजूंना हा हिशेब वेगवेगळा लागतो, हेही ध्यानात घ्या. भुईगाव-गासकडे स्वतःचं घर आहे, वाडीतून थोडीफार भाजी-केळी येते, आई-वडील सोबत आहेत. तिथे बिनपगारी महिना बारा हजारांत निघेल. स्टेशनच्या पूर्वेला भाड्यानं राहणाऱ्याला तोच महिना एकवीस हजारांना पडतो. म्हणून मित्राला कोर्स फळला यावरून तुम्हाला तो परवडेल असं समजू नका. त्याचा गुरू तुमच्या गुरूपेक्षा चांगला होता असं नाही, त्याला भाडं नव्हतं.

घरातल्या बाईच्या शिक्षणाबद्दल इथेच एक गोष्ट बोलून टाकतो. विरारला राहणारी, पदरी बारावी किंवा बी.कॉम. असलेली, मुलं शाळेत जायला लागलेली गृहिणी टॅली-जीएसटीचा पंधरा-वीस हजारांचा कोर्स करायचा म्हणते, तेव्हा ‘कशाला एवढे पैसे’ असं पटकन निघतं. तिच्या शिकण्यानं घरातला कोणताही पगार बुडणार नसतो. बिनपगारी महिन्यांचा खर्च जवळजवळ शून्य, फार तर दुपारी मूल सांभाळणाऱ्या ताईंचे पैसे. नवऱ्याच्या पावणेतीन लाखांच्या बेतापेक्षा हा बेत निर्धोक असतो. सोसायट्यांची हिशेबाची कामं, सीए मंडळींची छोटी ऑफिसं, वालीव-सातिवलीतल्या गाळ्यांची बिलं हे काम घराजवळचं आहे. घरात एकाचीच फी भरता येणार असेल, तर आधी कुणी शिकायचं हे खुर्चीवर बसून शांतपणे ठरवा, सवयीनं नको.

आता नोकरीकडे. क्लासच्या काउंटरवर जाण्याआधी ज्याच्याकडे काम मागायचं त्याच्या दारात जाऊन या. आपल्याकडे हे सोपं आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, लांब जायची तयारी असेल तर बोईसर-तारापूर. दुपारच्या सुट्टीत गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सुपरवायझर भेटतो. त्याला ‘नोकरी आहे का’ विचारू नका, तो ‘बायोडेटा ठेवून जा’ म्हणेल. विचारा की गेल्या वर्षभरात नवा माणूस घेतला तेव्हा काय बघून घेतलं. हा कोर्स केलेला मुलगा आला तर त्याला पहिल्या दिवशी मशीनवर उभं कराल की हेल्परमध्ये टाकाल? पहिला पगार किती? आणि पस्तिशीचा माणूस शिकून आला तर चालेल का, की विशीतलाच पोरगा हवा? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात कडू उत्तर त्याचंच मिळतं. पाच-सहा ठिकाणी विचारलंत की क्लासच्या भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा जास्त कळतं. तीन ठिकाणी ‘आम्ही आतलाच माणूस शिकवून वर घेतो’ असं उत्तर आलं, तर फी भरण्यापेक्षा आहे त्याच कंपनीत त्या मशीनशेजारी जागा मागणं शहाणपणाचं.

जमलं तर दोन-तीन दिवस ते काम जवळून बघा. रात्रपाळीत आठ तास उभं राहणं, कूलंटचा वास, मायक्रोमीटरच्या रेघा वाचणं हे जमतंय का, ते ब्रोशरमधून कळत नाही. एसी दुरुस्तीला गेलात तर एप्रिल-मेमध्ये सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर वाकून काम आहे. पावसाळ्यात तेच काम आटतं, तेव्हा हातात काय असेल तेही विचारून ठेवा.

प्रमाणपत्राचं वजन वेगळं तपासावं लागतं, आणि इथे सर्वांत जास्त पैसे नर्सिंगच्या नावाखाली बुडतात. वसईत रुग्णालयं बरीच, घरोघरी म्हातारी माणसं, त्यामुळे नर्सला मागणी आहे हे खरंच. पण नर्स म्हणून काम करायचं तर एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग’ कोर्सवर ती नोंदणी होत नाही. असा कोर्स करून पेशंट सांभाळण्याचं काम मिळतं. प्रामाणिक काम आहे, त्याला मोबदलाही आहे. मात्र त्यासाठी ४०-५० हजार मोजताना आपण काय विकत घेतोय ते माहीत हवं. काउंटरवर एकच विचारा: ‘या कोर्सनंतर कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळतो का? लिहून द्या.’ ‘मिळतो, मिळतो, मॅडम, काळजी नको’ असं तोंडी आलं आणि पेन उचललं गेलं नाही, तर पिशवी उचला. वयाची अटही आधी बघा, एएनएमला साधारण १७ ते ३५ आहे. चाळिशीत ती वाट बंदच.

जिथे परवाना किंवा नोंदणी लागते अशा प्रत्येक धंद्यात हीच कसोटी. मेडिकल दुकानात फार्मासिस्ट म्हणून बसायला डी.फार्म. आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी, वायरमन-सुपरवायझरला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना. जहाजावर जायचं असेल तर प्रशिक्षण संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत असायला हवी, आणि ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. अंधेरीतल्या एखाद्या ऑफिसात भिंतीवर बोटींची चित्रं लावली म्हणून कुणी खलाशी होत नाही.

जिथे परवाना लागत नाही, म्हणजे डिजिटल मार्केटिंग, डेटा अॅनालिटिक्स, ग्राफिक डिझाइन, तिथे पैसे घालण्याआधी स्वतःला फुकटात तपासता येतं. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ २०१७ पासून चालू आहे, ‘एनपीटीईएल’चे अभ्यासक्रमही तिथे आहेत. शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच साधारण हजार रुपये. आठ आठवड्यांचा एक कोर्स घ्या आणि नोकरी, लोकल, घर सांभाळून तो संपवा. तो तिसऱ्या आठवड्यात सुटला, तर ८० हजारांचा कोर्सही तिसऱ्याच आठवड्यात सुटणार आहे. फी भरली की मन लागेल, हा गैरसमज फार जुना आहे. तसं असतं तर व्यायामशाळा वर्षभर भरलेल्या दिसल्या असत्या.

सरकारी वाटेकडे लोक उगाच नाक मुरडतात. आयटीआयला १४ वर्षं पूर्ण असावी लागतात, वरच्या वयाची अट नाही. फी खासगी क्लासच्या तुलनेत किरकोळ आणि प्रमाणपत्राला देशभर मान. अडचण एकच, इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एसीसारख्या ट्रेडला दोन वर्षं दिवसा हजर राहावं लागतं. आपल्या हिशेबात बसवा: २१ हजार गुणिले २४, पाच लाख चार हजार. जवळजवळ फुकटचा कोर्स पाच लाखांना पडतो. म्हणून आयटीआय विशीतल्या भावासाठी उत्तम. घर चालवणाऱ्यासाठी तेव्हाच, जेव्हा दुसरा पगार घरात येतोय. दहा वर्षं वायरिंगचं काम करणाऱ्याला तर पुन्हा पहिलीपासून शिकायची गरजच नसते. हातात आहे ते कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. महास्वयम् पोर्टलवर किंवा जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा.

शिंपी, न्हावी, सोनार, सुतार, गवंडी अशा अठरा प्रकारच्या कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना उलटी चालते: प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये रोज तुम्हाला मिळतात आणि हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत. त्यासाठी तो धंदा हातात आधीपासून असावा लागतो. गावाकडच्या तरुणांसाठी अग्रणी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था मोफत शिकवतात. पदवी अर्धी राहिली असेल आणि बढतीसाठी तीच आडवी येत असेल, तर १९८९ ला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी सोडायला लावत नाही. टूलरूमचंच शिकायचं असेल, तर चुनाभट्टीला आयडीईएमआय ही केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाची संस्था आहे. तिथले कोर्स आणि वेळा खासगी क्लाससमोर ठेवून बघा. दादरला उतरून कुर्ला आणि तिथून हार्बर असा फेरा पडतो, हे धरून चाला.

फेऱ्याचा विषय निघालाच आहे. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. दादर-अंधेरीचा संध्याकाळचा क्लास साडेनऊला सुटला, तर घरी जेवायला अकरा वाजतात आणि सकाळची पाळी सातची असते. पहिला महिना उत्साहात जातो. दुसऱ्या महिन्यात विरार फास्टच्या दारात लटकताना वही पिशवीतच राहते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होतं आणि लोकल बंद होत्या. असे दिवस दरवर्षी कमी-जास्त येतात. बुडलेला तास भरून मिळतो का, तो विनामूल्य की पैसे घेऊन, हे छापील नियमांत वाचा. वसईतल्या वसईत थोडा कमी नावाजलेला क्लास असेल, तर मी तो घेईन.

आता काउंटरवर चला, कारण पैसे जातात ते तिथेच. समोर हसतमुख मुलगी असते, तिला महिन्याचं टार्गेट असतं.

‘सर, तीनच सीट उरल्यात. आज ब्लॉक केलीत तर दहा हजार डिस्काउंट. कॅश नसली तरी चालेल, ईएमआय करून देते, झीरो इंटरेस्ट. फोन द्या जरा, ओटीपी येईल.’

तो ओटीपी म्हणजे सही. बऱ्याचदा तो हप्ता क्लासला जात नसतो. एखादी वित्त कंपनी तुमच्या नावे कर्ज काढून पूर्ण फी क्लासला देऊन टाकते आणि तुमच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप वळते करते. दोन महिन्यांत क्लास सोडलात, किंवा क्लासच बंद पडला, तरी हप्ता चालूच राहतो, आणि चुकला तर सिबिलवर डाग पडतो. ‘झीरो इंटरेस्ट’मधलं व्याज कुठेतरी फीमध्येच बसलेलं असतं. सगळी रक्कम आज दिली तर किती, एवढं विचारा. आकडा खाली आला की व्याज दिसलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार असं डिजिटल कर्ज देणाऱ्यानं खर्चाचं सगळं विवरण एका पत्रकात द्यायला हवं, आणि सुरुवातीचा काही काळ दंड न भरता मुद्दल व त्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडण्याची मुभाही द्यायला हवी. ते पत्रक हातात आल्याशिवाय फोन त्या मुलीच्या हातात देऊ नका. सरळ सांगा: ‘ताई, मी घरी बोलून परवा येतो.’ सीट परवाही असते.

पैसे थेट क्लासला टप्प्याटप्प्यानं द्यायला मिळत असतील तर तेच चांगलं. पावतीवर जीएसटी क्रमांक बघा. १८ टक्के घेतले आणि साध्या वहीची पावती दिली, तर तो कर सरकारकडे गेला की नाही हे देव जाणे. परताव्याचा नियम लेखी घ्या. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ हा बोर्ड दिसला, तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची १३ नोव्हेंबर २०२४ ची कोचिंग जाहिरातींबाबतची मार्गदर्शक तत्त्वं आठवा. नोकरीच्या, निवडीच्या खोट्या हमीला आणि परवानगीशिवाय यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो लावायला त्यांत मनाई आहे. फोटोतल्यांचा नाद सोडा. क्लास सुटायच्या वेळी खाली उभं राहून गेल्या बॅचची चार पोरं गाठा. बॅचमध्ये किती होते, किती टिकले, किती जणांना लागली आणि कुठे? त्यांच्या उत्तरात दोनदा ‘अजून बघतोय’ आलं की समजा.

सध्या एका वेगळ्या आमिषाची भर पडली आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली, ७६ हजार कोटींचा प्रकल्प, बुलेट ट्रेनला विरार आणि बोईसर स्थानकं. लॉजिस्टिक्स, क्रेन ऑपरेटर, पोर्ट मॅनेजमेंटचे कोर्स त्याच नावानं विकता येतात. बंदर उभं राहायला वर्षं लागतील, तुमची ठेव नऊ महिन्यांत संपते. जिथे आज माणूस लागतोय त्या धंद्याचं शिका. बंदर आलं की त्याला लागणारे वेल्डर, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस, ड्रायव्हर हे आज तेच धंदे करणारे असतील.

कोणत्या पैशाला हात लावायचा, यावर माझं मत कडक आहे. सहा महिन्यांचा घरखर्च, मेडिक्लेमचा हप्ता आणि मुलीच्या सुकन्या खात्याला हात नाही. ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर कर्ज मिळतं, व्याज ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त. कोर्स छोटा असेल तर ते स्वस्त पडतं. पीएफ काढायचा विचार असेल, तर सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढलेल्या रकमेवर कर बसतो. भिशी लवकर उचलून फी भरली, तर उरलेले हप्ते बिनपगारी महिन्यांतही द्यावे लागतील आणि ते शेजारणीला द्यावे लागतील, बँकेला नाही. सोनं गहाण टाकणं सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं घरी सांगून. बायकोपासून लपवून भरलेली फी दुसऱ्या हप्त्याला उघडी पडतेच.

समजा भरून झालीय, दोन महिने झालेत आणि हे आपलं काम नव्हे असं कळलंय. गेलेली फी वसूल करायला म्हणून उरलेले चार महिने घालवू नका. ते महिने घरखर्चाच्या दरानं मोजा, तेही पैसेच आहेत. त्या दिवशीच क्लासला ईमेल करा: कोणत्या तारखेपासून येणार नाही, किती भरलेत, किती परत हवेत. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल कराच. कर्ज काढलेलं असेल तर वित्त कंपनीला वेगळं लिहा, क्लासला लिहिलेलं त्यांना पोचत नाही. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पावती, जाहिरातीचा फोटो आणि ईमेल जोडून. आणि जुन्या सुपरवायझरला त्याच आठवड्यात फोन करा. जागा भरली जायच्या आत.